शेपू कधी पेरायचा? आपापल्या हवेप्रमाणे वेळ साधण्याची रीत

अक्षय्य तृतीयेला आळी करायची, भोपळ्या-दोडक्याच्या बिया टोचायच्या, ही आमच्या घरची जुनी रीत. एका वर्षी त्याच दिवशी, त्याच उत्साहात मी परसातल्या एका वाफ्यात शेपूही पेरला. उगवायला बारा दिवस लागले आणि निम्मं बी उगवलंच नाही. जे उगवलं त्याला वीतभर उंची गाठायच्या आतच पिवळ्या फुलांच्या छत्र्या आल्या. भाजी सोडाच, वरणात टाकायला मूठभर पाला मिळाला नाही. त्याच पुडीतलं उरलेलं बी मी कोजागिरी झाल्यावर त्याच वाफ्यात पेरलं आणि चाळीस दिवसांत भरगच्च जुड्या निघाल्या. बी तेच, माती तीच, खतही तेच. बदलली होती ती फक्त वेळ.

तेव्हापासून कुणी विचारलं की "शेपू जमत नाही हो", तर मी आधी खताचं विचारत नाही. कधी पेरला आणि कुठे राहता, एवढंच विचारते. दहांतल्या आठ वेळा उत्तर तिथेच सापडतं.

बियाण्याच्या पाकिटावर पेरणीचे महिने छापलेले असतात, पण ते सगळ्या मुलखाला मिळून एकच असतात. रत्नागिरीचा ऑक्टोबर आणि निफाडचा ऑक्टोबर सारखा नसतो. त्यात मोबाइलवर शोधलं तर सल्ला मिळतो, "शेवटचं हिम पडून गेलं की पेरा." तो सल्ला ज्या देशांत हिवाळ्यात जमीन गोठते तिथला आहे आणि तिथे तो बरोबरही आहे. आपल्याकडे मात्र शेपूचं नुकसान थंडी करत नाही. ते करतं ऊन आणि धो धो पाऊस. म्हणून थंडी संपायची वाट बघायची नाही, थंडी सुरू व्हायची वाट बघायची.

आधी शेपूचा स्वभाव समजून घ्या

शेपू हा कोथिंबीर, गाजर, ओवा, जिरे, बडीशेप यांच्या कुळातला. ज्याला कोथिंबिरीचा अनुभव आहे त्याला शेपूचा अर्धा स्वभाव आधीच ठाऊक असतो.

माती साधारण १५ ते २५ अंशांच्या दरम्यान असली की बी सात ते दहा दिवसांत उगवतं. माती तिशीच्या पुढे तापली की उगवण घटते आणि विरळ, डाग-डाग पडल्यासारखी होते. थंडी त्याला चालते. नाशिक-निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरला तरी शेपू मरत नाही, फक्त वाढ मंदावते.

दुसरं म्हणजे दिवसाची लांबी. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस दिवस साधारण ११ तासांचा असतो, जूनच्या अखेरीस सव्वातेरा तासांचा. दिवस मोठा होत गेला आणि वर ऊनही तापलं की शेपू पानं धरायचं सोडून दांडा काढतो. एकदा दांडा निघाला की पाला वाढत नाही, असलेला राठ होतो. कितीही पाणी-खत घाला, ते रोप मागे फिरत नाही. माझ्या अक्षय्य तृतीयेच्या वाफ्यात हेच झालं होतं.

तिसरं म्हणजे त्याचं मूळ. शेपूला सोटमूळ असतं, सरळ खाली जाणारं. ते दुखावलेलं त्याला आवडत नाही. म्हणून वांगी-टोमॅटोसारखी आधी रोपं करायची आणि मग लावायची, हा प्रकार इथे नको. जिथे वाढायचा तिथेच पेरायचा. वेळेचं महत्त्व यामुळे आणखी वाढतं, कारण रोपं सावलीत तयार करून, हवा बरी झाली की उन्हात हलवण्याची सोयच इथे नाही.

आणि पाऊस. कोवळी रोपं दोऱ्यासारखी असतात. जोराच्या सरीने ती लोळतात, मुळाशी पाणी साचलं की बुंधा पाणीदार होऊन कुजतो. वाफा सकाळी हिरवा आणि संध्याकाळी आडवा, असं मी डोळ्यांदेखत पाहिलं आहे.

पहिलं काम: आपल्या अंगणातली हवा ओळखा

बाजारात साधा तापमापक मिळतो. तो सावलीत, भिंतीपासून थोडा दूर टांगा आणि पहाटेचा आकडा आठवडाभर वहीत लिहा. रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली टिकायला लागलं आणि दुपारचं ३२-३३ च्या वर जात नसलं की शेपूची वेळ झाली.

तापमापक नसेल तर माझी खूण सांगते. रात्री पंखा चालू ठेवून झोपलेलं माणूस पहाटे झोपेतच पायाशी पडलेली चादर अंगावर ओढून घेतं, तो आठवडा. आमच्याकडे पुण्यात हे बहुधा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात होतं. माझ्या बहिणीकडे ठाण्याला डिसेंबर उजाडतो. एवढ्या अंतरात जवळजवळ दीड महिन्याचा फरक पडतो, आणि पेरणीतही तोच धरायचा.

दुसरी खूण मातीची. पाऊस थांबल्यावर मूठभर माती उचलून दाबा. लाडू वळला आणि बोटाने टोचल्यावर भुसभुशीत फुटला तर वाफसा आला. लाडू तसाच चिकट राहिला तर अजून थांबा. काळ्या जमिनीत वाफसा यायला पाऊस थांबल्यावर आठवडा लागू शकतो, मुरमाड जमिनीत दोन दिवस पुरतात. वाफशाआधी पेरलेलं बी कुजतं आणि दोष बियाण्याला जातो.

तिथी आणि नक्षत्र यांतला फरकही इथे ध्यानात ठेवा. दसरा कधी सप्टेंबरअखेर येतो, कधी ऑक्टोबरचा तिसरा आठवडा उलटल्यावर, कारण तिथी चंद्राच्या. पावसाची नक्षत्रं मात्र सूर्याची, ती दर वर्षी त्याच तारखांच्या आसपास असतात. हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास लागतं, चित्रा १० ऑक्टोबरच्या, स्वाती २४ ऑक्टोबरच्या. जुने शेतकरी पेरणी सणावर न धरता नक्षत्रावर धरत, त्यामागे हा हिशेब आहे. तुमच्या आजीने "हत्तीचा पाऊस होऊन जाऊ दे, मग पेर" असं सांगितलं असेल तर ते अगदी पक्कं आहे. हस्ताच्या गडगडाटी सरी उघड्या वाफ्यातलं नुकतंच उगवलेलं बी धुऊन नेतात.

कुठे, कधी

पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि अहिल्यानगर या पट्ट्यात मुख्य हंगाम चित्रा नक्षत्रापासून जानेवारीअखेरपर्यंत. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ऊन चांगलंच चटकतं, तेव्हा पेरणार असाल तर दुपारी सावली द्या. माझ्या अनुभवात सर्वांत चांगला शेपू येतो तो दिवाळीच्या मागेपुढे पेरलेला. फेब्रुवारीत पेरलेल्याची एकच कापणी धरायची, तीही कोवळी असताना. सोलापूरकडे उन्हाचा तडाखा लवकर बसतो, तिथे जानेवारीच्या मध्यालाच थांबलेलं बरं. उलट, याच पट्ट्यातल्या पर्जन्यछायेच्या, म्हणजे सह्याद्रीच्या आडोशामुळे कमी पावसाच्या भागात जून-जुलैमधे झिमझिम पाऊस आणि ढगाळ हवा असते, त्यामुळे तिथे पावसाळी शेपूही बरा येतो. जी सोय बारामतीला आहे ती मावळात नाही.

नाशिक भागात हंगाम लांब. सप्टेंबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरता येतं. फक्त डिसेंबरच्या मध्यानंतर पेरलेलं बी उगवायला दोन आठवडे घेतं आणि भाजीही आठ-दहा दिवस उशिरा येते. घाबरून पुन्हा वर बी टाकू नका, मग दोन वयांची रोपं एकमेकांत गुंततात. जळगाव-धुळ्याकडे दुपार लवकर तापते. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत आटपा, म्हणजे कळण्याच्या भाकरीबरोबर शेपू घातलेले फुणके हिवाळाभर होतील.

मराठवाड्यात काळी जमीन. परतीचा पाऊस लांबला तर वाफसा लांबतो, त्यामुळे तारीख न धरता माती धरा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून पुढे, आणि विहिरीचं पाणी जोवर टिकेल तोवर. पाणी कमी असेल तर एकच पेरणी नोव्हेंबरच्या सुरुवातीला करा. तेव्हा पेरलेल्याला सर्वांत कमी पाणी लागतं, कारण सगळी वाढ थंडीत होते.

विदर्भात थंडी चांगली पडते आणि उन्हाळाही तितकाच कडक. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. नागपूरच्या उन्हात मार्चमधे उभा असलेला शेपू म्हणजे दांडेच दांडे.

कोकण, मुंबई आणि गोवा यांचं गणित निराळं. पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओसरतो, पण त्यानंतर दमट उकाड्याचा महिना येतो. तो जाऊ द्या. भात कापून झाल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यापासून, मळ्यात जी भाजीची लावणी होते तिच्याबरोबर शेपू पेरा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यानंतर नवी पेरणी नको. जांभ्या मातीत पाणी झरझर उतरतं, म्हणून शेणखत सढळ हाताने घाला आणि पाणी थोडं थोडं पण रोज द्या. हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, पण समुद्राकाठच्या वाफ्यातला कोवळा शेपू चवीला मऊ असतो, तेवढ्यासाठी ही घाई करण्यासारखी आहे.

महाबळेश्वर-पाचगणीचा डोंगरमाथा या सगळ्याला अपवाद. खाली देशावर मार्च-एप्रिलमधे पेरणी बंद होते तेव्हा वर ती करता येते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मात्र तिथे उघड्यावर काहीच करू नका. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठतात अशा पहाटे असतात, तेव्हा उगवणीच्या काळात वाफ्यावर रात्री गोणपाट टाकलेलं बरं.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींना आधी दुकानात बी मागता आलं पाहिजे. बडोद्याला त्याला सुवा म्हणतात, बेंगळुरूला सब्बसिगे सोप्पू, दिल्लीला सोया किंवा सोआ. दिल्लीत नुसतं "सोया का बीज" मागितलं तर सोयाबीन हातात पडेल, "सोया पालक वाला" असं सांगा. इंदूर-बडोद्याला वेळ साधारण खान्देशासारखी धरा. बेंगळुरूची हवा मवाळ, तिथे एप्रिल आणि मोठ्या पावसाचे आठवडे टाळले तर जवळजवळ वर्षभर पेरता येतं. दिल्लीत ऑक्टोबर-नोव्हेंबर हीच वेळ. धुक्याच्या दिवसांत ऊन मिळत नाही, त्याआधी रोपं हातभर झालेली हवीत.

खायचा दिवस ठरवा आणि उलटं मोजा

नवशिक्यांना मी हे आवर्जून करायला लावते. पेरणीपासून भाजीपर्यंत हिवाळ्यात ४० ते ४५ दिवस, कडक थंडीत ५० ते ५५. हवी ती तारीख घ्या आणि मागे मोजत या. भोगीच्या भाजीबरोबर ताटात शेपू हवा असेल तर भोगी १३ जानेवारीच्या सुमारास, म्हणजे पेरणी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.

खरी परीक्षा गौरींची. आमच्याकडे गौरी आल्या त्या संध्याकाळी शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य असतो. बऱ्याच घरांत असतो. त्या दिवसांत मंडईत शेपूची जुडी हातात घेतली की किंमत ऐकून परत ठेवावीशी वाटते, तीही चिखलाने माखलेली आणि मधे पिवळी. म्हणून घरचा शेपू गौरीला यावा असं मला फार वाटायचं. भाद्रपदातल्या त्या दिवसापासून ४५ दिवस मागे आलं की आषाढ वद्य सप्तमी-अष्टमी येते, म्हणजे दिव्यांच्या अवसेच्या आठवडाभर आधी. तेव्हा पेरलं की गौरीला बरोबर भाजी होते. पण अधिक महिना आला की हा हिशेब चुकतो. २०२३ मधे अधिक श्रावण होता. दिव्यांची आवस १७ जुलैला आणि गौरी २१ सप्टेंबरला, मधे ६६ दिवस. त्या वर्षी नेहमीच्या तिथीला पेरणाऱ्यांचा शेपू गौरी यायच्या आधीच राठ झाला असणार. पंचांग उघडून मधले दिवस मोजा, मगच पेरा.

हा भर पावसातला शेपू उघड्या सपाट वाफ्यात येत नाही. त्याची वेगळी तयारी पुढे सांगते.

बी तपासा

पेरायच्या दहा-बारा दिवस आधी वीस बिया मोजून घ्या. जुन्या सुती फडक्याचा ओला तुकडा, त्यावर बिया ओळीने, वर दुसरा तुकडा, गुंडाळी करून डब्यात. झाकण सैल ठेवा. रोज पाणी शिंपडा. सहाव्या-सातव्या दिवशी चपट्या तपकिरी बीच्या टोकातून पांढरा कोंब डोकावतो. दहाव्या दिवशी मोजा. बारा-चौदा फुटल्या असतील तर बी चांगलं. सहा-सात असतील तर दुप्पट पेरा. दोन-तीनच असतील तर ते बी कंपोस्टमधे टाका, हंगामाचे पंधरा दिवस त्याच्यावर घालवू नका. शेपूचं बी दोन-तीन वर्षं टिकतं, पण दर वर्षी उगवण उतरते.

वाण्याकडचा बाळंतशेपा, म्हणजे शेपूचंच वाळलेलं बी, पेरला तर चालतो का, हे नेहमी विचारलं जातं. ताजा आणि न भाजलेला असेल तर उगवतो. पण किती जुना आहे ते कळत नाही, म्हणून वरची चाचणी केल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

पेरणी

बी आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी निथळून फडक्यावर पसरा आणि हाताला चिकटेनासं झालं की पेरायला घ्या. कोरडी वाळू मिसळली की एकसारखं पडतं.

वाफा खणून ढेकळं फोडा. चौरस मीटरला दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत किंवा एक घमेलं गांडूळखत मातीत मिसळा. ताजं शेण नको, युरियाही नको. युरियाने शेपू हिरवागार दिसतो, पण वास पातळ होतो आणि मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, धावून येतो.

फोकून, म्हणजे हाताने उधळून पेरण्यापेक्षा ओळीत पेरा, नवशिक्याला खुरपणी सोपी जाते. दोन ओळींत वीतभर अंतर, बोटाने अर्धा-पाऊण सेंटिमीटर खोल रेघ, त्यात बी, वर चाळलेली माती भुरभुरवायची. खोल पेरलं तर वर येत नाही. चौरस मीटरला चहाचा एक सपाट चमचा बी पुरतं. संध्याकाळी पेरा, म्हणजे पहिली रात्र गारव्यात जाते. पाणी बारीक छिद्रांच्या झारीने द्या. पाइपने दिलं की सगळं बी वाफ्याच्या एका कोपऱ्यात गोळा होतं आणि मग तिथे झुडूप, बाकी उजाड.

उगवेपर्यंत वरची माती कोरडी पडू द्यायची नाही. दिवसातून दोनदा हलकं शिंपण, एवढंच. ऑक्टोबरच्या उन्हात वाफ्यावर वाळलेलं गवत किंवा जुनी सुती साडी अंथरा. पण सहाव्या दिवसापासून रोज सकाळी उचलून बघा. पहिला हिरवा दोरा दिसला की त्याच संध्याकाळी ती काढून टाका, नाहीतर रोपं पांढुरकी आणि लांबट होतात.

हा पहिला दोरा नीट ओळखायला शिका. शेपूची पहिली दोन पानं गवताच्या पात्यासारखी अरुंद आणि लांब असतात, इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडलेली. आठ-दहा दिवसांनी त्यांच्या मधून पहिलं खरं पान येतं. ते पिसासारखं, टोकाला दुभंगलेलं. चुरगळून बघा, एवढ्याशा पानालाही शेपूचा पूर्ण वास असतो. गाजर गवताचं रोप जवळ असेल तर त्याची पहिली दोन पानं गोलसर असतात, त्यावरून ते वेगळं काढता येतं. शेजारच्या एका मुलाने पहिल्या खुरपणीत सगळा शेपू उपटला होता आणि गाजर गवत जपून ठेवलं होतं. त्याला ही खूण आधी सांगायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

रोपं चार बोटं झाली की विरळणी. दोन रोपांत दोन-तीन बोटांचं अंतर ठेवा. उपटलेली रोपं फेकू नका, धुऊन, बारीक चिरून कोशिंबिरीत घाला. तिथून पुढे पाणी दिवसाआड, थंडीत दोन दिवसांआड. ढगाळ हवेत कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो. सुरुवातीलाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढला तर बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी दिसली तर संध्याकाळचं पाणी बंद करून सकाळी, तेही मुळाशी द्या.

एकदम सगळं पेरू नका

वाफ्याचे तीन भाग करा. पहिला चित्रा नक्षत्रात, दुसरा पंधरा दिवसांनी, तिसरा आणखी पंधरा दिवसांनी. पहिला भाग संपेल तेव्हा तो खणून पुन्हा पेरा. चार माणसांच्या घराला चौरस मीटरचा एक भाग दोन-तीन वेळच्या भाजीला पुरतो. शेवटची पेरणी कधी करायची हेही उलटं मोजूनच ठरवा. तुमच्याकडे दुपार ३५ अंशांवर जायला लागते तो आठवडा घ्या आणि त्याच्या ४५ दिवस आधी थांबा.

अवेळी पेरायचाच असेल तर

पावसाळ्यात, गौरीसाठी: वीतभर उंचीचा गादीवाफा करा, मातीत एक तृतीयांश वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा. वर बांबूच्या कमानी करून पारदर्शक प्लास्टिक टाका, पण बाजू उघड्या ठेवा, हवा खेळली पाहिजे. दाट पेरू नका. पाणी फक्त माती कोरडी वाटली तरच. घाटमाथ्यावर आणि कोकणात एवढं करूनही भरवसा नाही. तिथे कुंड्यांत पेरून वळचणीखाली, पण उजेडात ठेवा.

उन्हाळ्यात: ५० टक्के सावलीची हिरवी जाळी, दाट पेरणी आणि ३० दिवसांत, वीतभर झाल्या झाल्या मुळासकट काढणी. दुसऱ्या कापणीची आशा नको. भाजी थोडी मिळते, पण मुगाच्या डाळीत मिसळायला पुरते.

गॅलरीतल्यांसाठी

कुंडी निदान आठ-दहा इंच खोल हवी, सोटमुळासाठी. पण त्याहून महत्त्वाची आहे दिशा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चपर्यंत सूर्य दक्षिणेकडून जातो. म्हणजे ऐन शेपूच्या हंगामात उत्तरेच्या गॅलरीत ऊन येतच नाही आणि दक्षिणेच्या गॅलरीत आतपर्यंत येतं. जूनमधे ऊन कुठे पडत होतं ते आठवून कुंडी ठेवू नका, ऑक्टोबरमधे एक दिवस सकाळी, दुपारी आणि चारला बघा. चार-पाच तास ऊन हवं. गच्चीवर मात्र स्लॅब तापतो, तिथे जमिनीवरच्या वाफ्यापेक्षा आठ-दहा दिवस उशिरा पेरा आणि कुंडीखाली विटा द्या.

परदेशात असाल तर

न्यू जर्सी किंवा लंडनला गणित उलटं होतं. तिथे "शेवटचं हिम" हा सल्ला खरा. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला, हिम ओसरत असताना पेरा. किंचित हिम शेपू सोसतो. पण तिथले जूनचे दिवस १५ ते साडेसोळा तासांचे, त्यामुळे भारतातून नेलेलं बी लवकर दांडा काढतं. म्हणून पानांसाठीचं तिथलं वाण घ्या, फर्नलीफ किंवा डुकाट, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं पेरा. ऑगस्टमधली पेरणी बऱ्याचदा वसंतातल्या पेरणीपेक्षा सरस येते, कारण दिवस लहान होत जातात. मेलबर्नला मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर. दुबईला नोव्हेंबर ते जानेवारी, कोकणासारखंच समजा.

काढणी आणि बी धरणं

रोप वीत-दीड वीत झालं, पानं मऊ आहेत आणि मधे जाड दांडा दिसत नाही, तेव्हा काढा. सकाळी दव सुकल्यावर जमिनीपासून चार बोटं ठेवून कापलं तर तीन आठवड्यांनी थोडी पुन्हा फूट येते. मधला कोंब बोटात धरल्यावर कडक लागला की दुसऱ्या दिवशीची वाट बघू नका, वाफा त्याच दिवशी काढा.

नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या पेरणीतली आठ-दहा जोमदार रोपं न कापता ठेवा, त्यांच्यात वीतभर अंतर करा. जानेवारीत ती कमरेइतकी होतात, पिवळ्या छत्र्यांवर मधमाश्या आणि माशा दिवसभर असतात. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत बी पिकतं. छत्री बहुतांशी तपकिरी झाली की पहाटे, दव असताना कापा. दुपारी हात लावला तर बी मातीत गळतं. छत्र्या कागदी पिशवीत उलट्या टांगून आठवडाभर सावलीत वाळवा, चोळून पाखडा. घरात बाळंतीण असेल तर तिच्यासाठी वाटीभर बाजूला काढा. बाकीचं पेरणीचं बी घट्ट झाकणाच्या डब्यात भरून डब्यावर दोन तारखा लिहा: कधी पेरलं होतं आणि पहिला दांडा कधी दिसला. माझ्या डब्यावरच्या मागच्या चिठ्ठीत ४ नोव्हेंबर आणि ९ जानेवारी आहे.